फोंतनेचें निराभरण प्रार्थनामंदिर

कांहीं दिवसांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. नोकरीच्या निमित्तानें तो फ्रान्समध्यें राहून आला होता, आणि येतांना त्यानें तेथील एका ख्रिस्ती मठाचीं छायाचित्रें आणिलीं होतीं. तीं माझ्यापुढें मांडीत तो म्हणाला, "गुरुजी, माझ्या निबंधांतलीं विशेषणें आपण तांबड्या शाईनें खोडीत असां, तेव्हां मला फार राग येई. या देवळांत शिरलों आणि वाटलें, येथेंहि कोणी तरी तांबडी शाई घेऊन बसलेलें दिसतें!"

त्याचे शब्द मनांत राहिले. पुढें या विषयावर जें वाचावयास मिळालें, त्याचें सार वाचकांपुढें ठेवीत आहें.

हा मठ बर्गंडी प्रांतांत, रानानें वेढलेल्या एका खोऱ्यांत आहे. त्याचें नांव फोंतने. त्याची स्थापना १११८ सालीं झाली. प्रार्थनामंदिराचें काम ११३९ मध्यें सुरू झालें आणि ११४७ मध्यें पोप तिसरा युजीन याच्या हस्तें त्याची प्रतिष्ठापना झाली. मंदिराची लांबी सुमारें ६६ मीटर, मधल्या दालनाची रुंदी ८ मीटर व छताची उंची सोळा-सतरा मीटर आहे. म्हणजे इमारत लहान नव्हे. परंतु भिंतींवर चित्र नाहीं, सोन्याचा मुलामा नाहीं. खांबांच्या माथ्यावर साध्या पानांच्या आकृतीपलीकडे कोरीव काम नाहीं. मधल्या दालनाच्या उंच भिंतींस खिडक्यासुद्धां नाहींत. दोन्ही टोकांच्या व बाजूच्या दालनांच्या खिडक्यांतून जो उजेड येतो, तेवढाच काय तो तेथील अलंकार.

हें दारिद्र्य नव्हे, हा निश्चय होता. आणि त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यानें मठवासी यतींसाठीं जे नियम घालून दिले, त्यांत प्रार्थनास्थान हें नांवाप्रमाणें प्रार्थनेचेंच स्थान असावें, तेथें दुसरें कांहीं करूं नये व ठेवूं नये, असा एक नियम आहे. कालांतरानें मठ श्रीमंत झाले. तेव्हां १०९८ सालीं कांहीं यति सीतो येथें जाऊन मूळ नियम कडकपणें पाळूं लागले. यांनाच सिस्टर्शियन म्हणतात. तरुण बर्नार्ड आपल्या सुमारें तीस सोबत्यांसह या संघांत आला, आणि १११५ मध्यें क्लेरव्हो येथील नव्या मठाचा अधिपति झाला. फोंतने ही त्याच क्लेरव्होची शाखा.

सुमारें ११२५ मध्यें बर्नार्डनें एका मित्रास उद्देशून एक प्रबंध लिहिला. त्यांत त्यानें मंदिरांची भलती उंची, उंची चित्रें, आणि यतींच्या ओवऱ्यांत कोरलेले चमत्कारिक पशु यांवर कठोर टीका केली. त्याचे आक्षेप दोन. एक, यतीचें मन ग्रंथ सोडून दगडांकडे धांवतें. दुसरा याहून झोंबणारा: देवाच्या भिंती सोन्यानें मढवावयाच्या आणि देवाचीं लेंकरें दाराशीं उघडीं ठेवावयाचीं, हा धर्म कोणता? पुढें संघानें नियमच केले. खिडक्यांची कांच रंगहीन व चित्रहीन असावी, क्रूस लांकडाचे असावेत, घंटेसाठीं दगडी मनोरे उभारूं नयेत.

पूर्वपक्षहि दुर्बल नव्हता. त्याच काळांत पॅरिसजवळील सां-दनी येथील मठाधिपति सुझे यानें आपलें मंदिर रत्नांनीं, सुवर्णानें व रंगीत कांचांनीं सजविलें; त्याच्या नव्या गाभाऱ्याची प्रतिष्ठापना ११४४ मध्यें झाली. जड वस्तूंच्या तेजावरून मन त्या अमूर्त तेजाकडे चढतें, असें त्याचें म्हणणें. आपल्याकडील सगुणोपासकास तें सहज पटेल. मौज ही कीं, बर्नार्डहि तें सर्वस्वीं नाकारीत नाहीं. सामान्य जनांस वळण लावण्याचा भार धर्माध्यक्षांवर असतो, त्यांना हीं साधनें लागतील; परंतु ज्यांनीं संसार सोडला त्यांना तीं कशास, असा त्याचा प्रश्न आहे. यालाच आपण अधिकारभेद म्हणतों.

अलंकार काढून घेतल्यावर सौंदर्य मात्र गेलें नाहीं. वल्कलें नेसलेली शकुंतला जशी अधिकच शोभली, तसेंच येथें झालें. उरलें तें प्रमाण, प्रकाश आणि नाद. दक्षिणेकडे प्रोव्हांस प्रांतांत ल तोरोने येथें याच संघाचें बाराव्या शतकांतील मंदिर आहे. त्याच्या दगडी पोकळींत स्वर पुष्कळ वेळ घुमत राहतो. घाईनें गाणाऱ्याचे शब्द एकमेकांत मिसळून जातात. म्हणून सर्वांनीं सावकाश आणि एका सुरांत गावें लागतें. संयमाचा उपदेश तेथें भिंतीच करतात! १९५३ मध्यें सुप्रसिद्ध स्थापत्यविशारद ल कॉर्ब्यूझिये हें मंदिर पाहावयास गेले. आपल्या चंदीगडची रचना करणारे ते हेच. त्यानंतर लियोंजवळ डोमिनिकन यतींसाठीं त्यांनीं ला तूरेत हा मठ बांधला; तो १९६० मध्यें पुरा झाला. नुसत्या काँक्रीटचा तो मठहि भिंतींवर पडणाऱ्या उजेडानेंच शोभतो.

येथवर लिहून थांबलों तर चित्र एकांगी होईल. सिस्टर्शियन मठ शेतीनें व लोकरीच्या व्यापारानें पुढें स्वतःच धनाढ्य झाले. त्यांच्या शेतांत राबणारे सेवक-बंधु बहुधा निरक्षर असत. मंदिरांतहि त्यांची बसण्याची जागा वेगळी असे. ज्या बर्नार्डनें दगडांतल्या राक्षसांचा निषेध केला, त्यानेंच ११४६ मध्यें वेझले येथें दुसऱ्या धर्मयुद्धासाठीं लोकांस चेतविलें. भिंत कोरी ठेवणें सोपें. मन कोरें ठेवणें महत्तपस्व्यांसहि साधत नाहीं.

काळानेंहि या वास्तूची परीक्षा पाहिली. फ्रेंच राज्यक्रांतींत फोंतनेचा मठ विकला गेला, आणि तेथें कागदाचा कारखाना निघाला. १९०६ मध्यें एदुआर एनार यांनीं तो घेऊन कारखान्याची वाढीव बांधकामें पाडलीं व मूळ रूप पुन्हां उजेडांत आणिलें. १९८१ पासून जागतिक वारशांत त्याची गणना आहे. फोंतनेस आज यति नाहींत. उजेड मात्र ठरल्या वेळीं येतो.

आपल्यापैकीं बहुतेक जण गृहस्थाश्रमी. देवापुढें फुलें वाहावींत, समई लावावी, सणावारीं आरास करावी, हें आपल्यास शोभतेंच. परंतु नव्या खर्चाचा संकल्प सोडण्यापूर्वीं बर्नार्डचा तो दुसरा प्रश्न एकदां स्वतःस विचारून पाहावा. दाराशीं कोणी उघडें उभें नाहीं ना, एवढें पाहून मग समई उजळावी. तिचा प्रकाश तेवढ्यानें मंद होणार नाहीं.