थेंबाभर पुराव्याची वाट

१९३४ साली नॉर्वेतील एक माता आपल्या दोन मतिमंद बालकांना घेऊन डॉ. आस्ब्योर्न फोलिंग यांच्याकडे गेली. मुलांच्या लघवीस विचित्र वास येतो, त्याचा या दुखण्याशी काही संबंध असेल काय, एवढाच तिचा प्रश्न होता. फोलिंग यांनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकले, तो ती हिरवी झाली! त्या रंगाचा माग काढता काढता शरीरातील एक रासायनिक दोष उजेडात आला. पुढे नवजात अर्भकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून तो ओळखता येऊ लागला, आणि केवळ पथ्याच्या आहाराने कित्येक मुलांची बुद्धी वाचली.

स्वमग्न बालकाची माता अशाच एका थेंबाची वाट पाहत आहे. स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे, सुप्रसिद्ध वर्णन डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवरून केले. परंतु आजही निदान होते ते मुलाचे वागणे पाहून व आईबापांची हकीकत ऐकूनच.

आणि डोळ्यांना दिसेल असा पुरावा नसला, की दोष घरच्यांच्या माथी येतो. जन्मांधाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? विद्वानही त्याच वाटेने गेले. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ सालच्या ग्रंथात आईबापांच्या, विशेषतः मातेच्या, थंडपणाला दूषण दिले. किती मातांनी ते निमूटपणे सोसले असेल! १९७७ साली ब्रिटनमध्ये २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास झाला. प्रत्येक जोडीत निदान एक मूल स्वमग्न होते. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले तशी निघाली. भिन्न बीजांच्या १० जोड्यांत एकही नाही. दुखण्याचे मूळ रक्तात होते, मायेच्या उणिवेत नव्हे.

मात्र ते मूळ एक नाही. शेकडो जनुकांचा त्यात हात आहे. म्हणून एका रसायनाने हिरवा रंग यावा, असे येथे घडत नाही. संशोधकांनी मग डोळ्यांकडे मोर्चा वळविला. मूल खेळणाऱ्या मुलांची चित्रफीत पाहते आणि यंत्र त्याची नजर कोठे खिळते ते टिपते. २०२२ साली अमेरिकेत १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी अशा एका यंत्रास मान्यता मिळाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ४७५ बालकांच्या अभ्यासात तज्ज्ञांनी स्वमग्न ठरविलेल्या शंभरांतील सुमारे ७१ मुले यंत्राने ओळखली. परंतु स्वमग्न नसलेल्या शंभरांतील सुमारे १९ मुलांवरही तोच शिक्का मारला. गंमत अशी, की यंत्राची परीक्षा शेवटी तज्ज्ञाच्या नजरेवरच घ्यावी लागली. डॉक्टरांच्या हाताशी ते साहाय्यक म्हणून ठीक. न्यायाधीश म्हणून नव्हे.

तेव्हा वर्षाचे मूल नावाने हाक मारली असता वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोट दाखवून काही मागत वा दाखवीत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ या शेजारणीच्या दिलाशावर वर्ष दवडू नये. प्रथम कान तपासून घ्यावेत, आणि मग बालरोगतज्ज्ञाला भेटताना घरी काय पाहिले ते तारखांसह कागदावर लिहून न्यावे. नॉर्वेतील त्या मातेनेही आधी केवळ वासच ओळखला होता.