कॅज्युअल्टीतला तंत्रज्ञ : कामाचे आकडे

● १० मिनिटे : छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी एवढ्या वेळात काढून डॉक्टरांना दाखवायचा.

● १० इलेक्ट्रोड, १२ लीड : चार हातापायांवर, सहा छातीवर. छातीवरची जागा एका फासळीने चुकली, तरी आलेख फसवू शकतो.

● १०० ते १२० : सीपीआरमध्ये दर मिनिटाला द्यायचे दाब, प्रौढाची छाती किमान ५ सेंटिमीटर दबली पाहिजे. दर २ मिनिटांनी माणूस बदलतो, कारण थकलेल्या हातांचा दाब उथळ पडतो.

● पाळी बदलताना : डिफिब्रिलेटरची बॅटरी, सक्शन मशीन आणि ऑक्सिजन सिलिंडर तपासूनच ताबा घ्यायचा.

● २०२१ : या वर्षीच्या केंद्रीय कायद्याने इमर्जन्सी तंत्रज्ञांसह अनेक सहाय्यक आरोग्य व्यवसायांच्या शिक्षणाला आणि नोंदणीला राष्ट्रीय चौकट मिळाली.