बायोमेडिकलमार्गे डॉक्टर: आधी महिने मोजा

‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत गुण कमी पडले की गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा, आमगाव, देवरीच्या घरांतही एक सल्ला ऐकू येतो: परदेशात बायोमेडिकल सायन्स करा, मग मेडिकलला जा. हा मार्ग आहे. पण त्याचा हिशेब आधी समजून घ्यायला हवा.

बायोमेडिकलमध्ये पेशी, रक्त, जंतू, औषधे यांचा अभ्यास होतो. या पदवीने रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही. ब्रिटनमध्ये ती साधारण ३ वर्षांची असते. पुढे पदवीधरांसाठी ४ वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम आहे. तिथे जागा थोड्या आणि चुरस मोठी.

खरी अडचण भारतात परतताना येते. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार परदेशातले वैद्यकीय शिक्षण किमान ५४ महिन्यांचे हवे, शिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. ब्रिटनमधली ती चार वर्षे म्हणजे ४८च महिने. बायोमेडिकलची वर्षे त्यात धरली जातील, असे गृहीत धरू नका. ‘नीट’ उत्तीर्ण होणेही चुकत नाही.

गोंदियात २०१६पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या प्रवेशासाठी आणखी एकदा ‘नीट’ देण्याचा विचार जरूर करा. धानाचे पैसे घालून किंवा शेत गहाण टाकून फी भरण्याआधी आयोगाचे नियम स्वतः वाचा. एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नका.