पायातला स्टेंट पुन्हा का चोंदतो?

मांडीच्या धमनीत स्टेंट बसवल्यावर पाय काही महिने छान साथ देतो. मग दोनशे पावले टाकली की पोटरीत पुन्हा गोळे येऊ लागतात, थांबले की दुखणे जाते. स्टेंट आतून अरुंद झाल्याची ही खूण असू शकते.

दरवेळी दोष स्टेंटचाच असतो असे नाही. मांडीची धमनी प्रत्येक पावलागणिक वाकते, पिळली जाते, दाबली जाते. म्हणून तिथे निटिनॉलची लवचिक जाळी वापरतात. तरीही तिची एखादी तार तुटू शकते. कधी जाळी सुरुवातीलाच पुरती उघडलेली नसते. कधी आत रक्ताची गुठळी अडकते. बहुतेकदा मात्र जखम भरताना अस्तराच्या पेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात. उपायही त्यानुसार बदलतो: जाळी नीट उघडली नसेल तर जास्त दाबाचा फुगा, गुठळी असेल तर ती विरघळवणे किंवा ओढून काढणे, पेशी वाढल्या असतील तर पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेला फुगा.

नेहमीच्या अँजिओग्राफीत दिसते ती धमनीच्या पोकळीची सावली. अडथळा कुठे आहे ते कळते, कशाचा आहे ते नीट कळत नाही. ‘आयव्हस’मध्ये बारीक नळीच्या टोकावरचे उपकरण धमनीच्या आतूनच ध्वनिलहरी सोडते. नळी मागे ओढत आणली की धमनीचे आडवे छेद पडद्यावर उमटतात: जाळीच्या तारा, भिंतीतला कॅल्शियमचा थर, आत वाढलेल्या पेशी. व्यास मिलिमीटरमध्ये मोजता येतो. सावलीवरून पाच मिलिमीटरची वाटलेली धमनी सहाची निघाली, तर फुगाही मोठा घ्यावा लागतो. लहान फुगा भिंतीला नीट टेकतच नाही, मग औषध पोहोचणार कसे? शिवाय या तपासणीला रंगद्रव्य लागत नाही. मधुमेहाने मूत्रपिंडे नाजूक झालेल्यांना हे महत्त्वाचे.

दक्षिण कोरियातील २३७ रुग्णांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधी फुग्याच्या उपचारानंतर वर्षभराने आयव्हसच्या गटात ८३.८ टक्के, तर केवळ अँजिओग्राफीच्या गटात ७०.१ टक्के धमन्या खुल्या होत्या. अर्थात हा अभ्यास केवळ पुन्हा चोंदलेल्या स्टेंटचा नव्हता. त्यात खर्चही वाढतो, आणि छोट्या, सरळ अडथळ्याला ही तपासणी हवीच असे नाही.

स्टेंटचा व्यास, लांबी आणि तारीख लिहिलेले कार्ड जपून ठेवावे. दुसऱ्या रुग्णालयात जावे लागले तर डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतात. पाय अचानक गार, फिकट पडून ठणकू लागला, तर मात्र कार्ड शोधत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.