एका जिन्याची सहा मजली इमारत

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तीन मजल्यांहून उंच निवासी इमारतीला दोन जिने सक्तीचे असतात. एका जिन्यात धूर भरला, तर दुसरी वाट मोकळी राहावी, हा त्यामागचा हेतू. पण या नियमाने घरांचा आकारच ठरवून टाकला. दोन जिने जोडायला मधोमध लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरे. कोपऱ्यातली सोडली, तर प्रत्येक घराला खिडक्या एकाच बाजूला. समोरासमोरच्या खिडक्यांतून खेळणारा वारा नाही. तीन शयनगृहांचे घर अशा आराखड्यात बसवणे कठीण जाते. शिवाय लहान भूखंडावर दोन जिने आणि बोळ यांतच बरीच जागा संपते.

सिएटलने मात्र सहा मजल्यांपर्यंत एक जिना फार पूर्वीच मान्य केला. अटी कडक आहेत: मजल्यावर जास्तीत जास्त चार घरे, आग विझवणारे स्वयंचलित फवारे, दारापासून जिन्यापर्यंत थोडेच अंतर. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाने 2024 मध्ये अशीच मुभा दिली.

अग्निशामक दलांच्या संघटनांचा विरोध आहे आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. जवान वर चढत असताना रहिवासी त्याच जिन्याने उतरतात. लंडनच्या 24 मजली ग्रेनफेल टॉवरला एकच जिना होता. 2017 च्या आगीत 72 जण गेले. तिथे ज्वालाग्राही बाह्य आवरणाने आग पसरवली आणि फवारे नव्हते. इंग्लंडने त्यानंतर 18 मीटरपेक्षा उंच नव्या निवासी इमारतींना दुसरा जिना बंधनकारक करण्याचे ठरवले. म्हणून ही सवलत मध्यम उंचीपुरती आणि फवाऱ्यांच्या अटीसहच योग्य ठरते.