आडसालीची मुदत अठरा महिने, धोरणाची मुदत किती?



कोल्हार-भगवतीपूरच्या शिवारात आडसालीची लावण जुलै-ऑगस्टात होते आणि तो ऊस गव्हाणीत पडतो पुढच्या साली, नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे सोळा-अठरा महिने पीक रानात उभे. बेणे, खत, मजुरी, पाटाच्या दोन आवर्तनांमधली विहिरीची मोटर, सोसायटीचे कर्ज, हा सगळा खर्च आधी आणि पैसा मागाहून. तेव्हा शासनाच्या आर्थिक धोरणाची चर्चा निघाली की ऊस उत्पादकाने एकच प्रश्न आधी विचारावा. लावताना जो नियम होता, तो तोडताना राहील काय?

हा प्रश्न साधा वाटतो. पण गेल्या साठ वर्षांचा साखर धंद्याचा इतिहास पाहिला तर याचे उत्तर बहुतेक वेळा "नाही" असेच आले आहे.

एका लावणीचा हिशोब

फार मागे नको जायला. जुलै २०२२ मध्ये ज्याने आडसाली लावली त्याचे उदाहरण घेऊ. त्या वेळी हवा कशी होती? २०२१-२२ च्या हंगामात देशातून शंभर लाख टनांच्या वर साखर परदेशी गेली होती. जून २०२२ पासून निर्यातीला परवान्याची अट लागली होती खरी, पण दार बंद नव्हते. इथेनॉलचा तर जोरात पुकारा होता. आसवनी प्रकल्प उभारा, कर्जाच्या व्याजाचा काही भार केंद्र उचलील, ही योजना २०१८ पासून चालू होती. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५-२६ वर अलीकडे आणले होते. कारखान्यांनी कर्जे काढली, टाक्या उभ्या केल्या, आणि शेतकऱ्याने त्या भरवशावर सरी पाडली.

ऊस वाढत असताना काय झाले? २०२२-२३ साठी निर्यातीचा कोटा साठ लाख टनांवर आला. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, तेव्हा पुढच्या हंगामासाठी निर्यात उघडलीच नाही. आणि नेमका तो ऊस तोडणीला आला असताना, ७ डिसेंबर २०२३ रोजी दिल्लीहून हुकूम सुटला, की उसाच्या रसापासून व पाकापासून इथेनॉल करू नये. आठ दिवसांनी, १५ डिसेंबरला, त्यात दुरुस्ती झाली. देशभर मिळून सतरा लाख टन साखरेइतकाच ऊस व मळी इथेनॉलकडे वळवावी, असे ठरले. चुली पेटलेल्या, गाड्या रांगेला लागलेल्या, आणि कारखान्याने कशाचे काय करायचे हे हंगामाच्या मध्यावर ठरले.

पुढे घडले ते असे. महाराष्ट्रात त्या हंगामात सुमारे ११० लाख टन साखर झाली, सुरुवातीला धरलेल्या अंदाजापेक्षा बरीच जास्त. मग ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या वर्षासाठी बंधन उठले. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते याला. पाऊस कमी झाला म्हणून शासनाने काळजी घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. पण काळजीचा सगळा बोजा, ज्याने अठरा महिने आधी पैसा जमिनीत घातला त्याच्याच डोक्यावर का?

लेव्हीचे दिवस

जुन्या सभासदांना लेव्हीचा काळ चांगला आठवत असेल. १९६७-६८ पासून साठ टक्के साखर शासन ठरवील त्या भावाने लेव्हीला द्यायची आणि चाळीस टक्के खुल्या बाजारात विकायची, अशी विभागणी होती. खुली साखरसुद्धा मन मानेल तेव्हा विकता येत नव्हती. महिन्याचा कोटा दिल्लीहून यायचा. रेशनवर गरिबाला स्वस्त साखर मिळावी, हा हेतू चांगलाच होता. पण त्या स्वस्ताईचे पैसे कोण देत होते? तिजोरी नव्हे. लेव्हीत जे कमी पडे ते उसाच्या भावातून जाई. म्हणजे शहरातल्या ग्राहकाचे अनुदान कोल्हारचा, राहात्याचा, श्रीरामपूरचा ऊस उत्पादक देत होता. एप्रिल २०१३ मध्ये डॉ. रंगराजन समितीच्या अहवालावरून लेव्ही संपली. तेव्हापासून रेशनच्या साखरेसाठी केंद्राने किलोमागे साडेअठरा रुपये राज्यांना देऊ केले. हेच आधी का जमले नाही?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ऑगस्ट १९७८ मध्ये जनता सरकारने एका फटक्यात साखर नियंत्रणमुक्त केली. त्या आधीच्या हंगामात देशात सुमारे ६५ लाख टन साखर झालेली, गोदामे तुडुंब भरलेली. भाव कोसळले, उसाची बिले थकली, शेतकऱ्याने ऊस मोडला. १९७९-८० मध्ये उत्पादन सुमारे ३९ लाख टनांवर आले, साखर कडाडली, आणि डिसेंबर १९७९ मध्ये नियंत्रण परत आले. यावरून काही जण म्हणतात, "बघा, मोकळीक दिली की असं होतं." आम्हाला वाटते, धडा निराळा आहे. नियंत्रण असो की मोकळीक, ती एका रात्रीत आली की शेतकरीच भरडला जातो.

दोन्ही टोके बांधलेली

आता आजच्या बंधनाचे आकडे मांडू. उसाचा किमान भाव, म्हणजे एफआरपी, केंद्र ठरवते. साखरेचा किमान विक्री दरही केंद्रच ठरवते. फेब्रुवारी २०१९ मध्ये साखरेचा हा दर किलोला ३१ रुपये झाला. त्या हंगामात एफआरपी होती दहा टक्के उताऱ्याला टनास २७५० रुपये. शंभर किलो साखरेचे ३१०० रुपये होत होते. उसाचे पैसे देऊन साडेतीनशे रुपये उरत होते.

२०२५-२६ साठी एफआरपी झाली सव्वादहा टक्के उताऱ्याला टनास ३५५० रुपये. शेतकऱ्याला ती मिळालीच पाहिजे, खताचे आणि मजुरीचे भाव कुठे गेलेत ते सर्वांना ठाऊक आहे. पण हंगाम सुरू झाला तेव्हा साखरेचा किमान दर मात्र त्याच ३१ रुपयांवर होता. साडेएकशेदोन किलो साखरेचे त्या दराने होतात ३१७७ रुपये ५० पैसे. कामगारांचा पगार, पोती, दुरुस्ती, बँकेचे व्याज यांचा एक पैसा न धरता टनामागे ३७२ रुपये ५० पैशांची तूट. बाजारभाव किमान दरापेक्षा वर राहतो आणि मळी-बगॅसचे पैसे येतात म्हणून गाडा चालतो. पण ज्या दिवशी भाव पडेल त्या दिवशी हा किमान दर आधाराला येणार नाही. चौदा दिवसांत पैसे दिले नाहीत तर पंधरा टक्के व्याज मात्र कायद्याने द्यावे लागते. उसाच्या रसाच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ मध्ये लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता, २०२४-२५ मध्येही तेवढाच होता. त्याच काळात एफआरपी ३०५० वरून ३४०० वर गेली.

शिवाय जून २०१८ पासून विक्रीचा मासिक कोटाही परत आला. माल आपला, गोदाम आपले, कर्ज आपले, पण विकायचे किती ते दिल्ली सांगणार. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत.

खाजगी कंपनीत तोटा झाला तर भागधारक वेगळा आणि माल देणारा वेगळा. सहकारात तसे नाही. ऊस घालणाराच मालक. म्हणून चुकीच्या धोरणाचा फटका त्याला दोनदा बसतो, एकदा दुसऱ्या हप्त्यात आणि एकदा संस्थेच्या ताळेबंदात. एफआरपीपूर्वीच्या किमान भावापेक्षा जास्त पैसे सभासदाला दिले, तर तो नफ्याचा वाटा समजून आयकर लावण्याचा वाद वर्षानुवर्षे चालला. २०२३ च्या अर्थसंकल्पात जुन्या वर्षांसाठी त्यातून सुटका झाली.

टीकाकारांचे खरे किती?

परवाना-परमिट-कोटा राज्यावर पहिला मोठा हल्ला चढवला तो राजाजींनी. १९५९ मध्ये त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला. त्याच वर्षीच्या नागपूर काँग्रेसमधील सहकारी शेतीच्या ठरावालाही त्यांचा कडवा विरोध होता. पुढे शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून तोच मुद्दा शेताच्या बांधावर आणला. शेतकऱ्याला भीक नको, भाव मिळू द्या आणि सरकारने त्याच्या वाटेत उभे राहू नये, हे त्यांचे सांगणे. या मंडळींचे सगळेच पटते असे नाही. पण शेतमालाचे नियंत्रण हा शेतकऱ्यावर लादलेला छुपा कर असतो, हे त्यांचे म्हणणे वरचे आकडे पाहून खोटे म्हणवत नाही.

मात्र आपणही आपल्या पदराखाली पाहिले पाहिजे. लोणीला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेचा कारखाना उभा केला, तेव्हा पहिले अध्यक्ष झाले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. तेच पुढे १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. सहकारी साखर कारखानदारी वाढली ती शासनाचे भागभांडवल आणि कर्जाची हमी घेऊन. दोन कारखान्यांमध्ये पंचवीस किलोमीटर अंतराची अट महाराष्ट्रात आहे, तिचा आसरा आपल्याच कारखान्यांना मिळतो. भाव पडला की किमान दर आपणच मागतो. तेव्हा "सरकारने बाजूला व्हावे" असे म्हणताना, कुठून बाजूला आणि कुठे पाठीशी, हे आपण आधी ठरवले पाहिजे.

मागायचे काय?

आमच्या मते तीन गोष्टी. पहिली, निर्यात आणि इथेनॉलचे धोरण आडसाली लावणीच्या आधी जाहीर व्हावे आणि तो ऊस तुटेपर्यंत बदलू नये. दुष्काळामुळे बदलावेच लागले तर नुकसान तिजोरीने सोसावे. ब्राझीलमध्ये १९७५ पासून इथेनॉलचा कार्यक्रम आहे. तिथला कारखाना साखर करायची की इथेनॉल, हे बाजार पाहून स्वतः ठरवतो. दुसरी, एफआरपी वाढेल त्या हिशोबाने साखरेचा किमान दर आपोआप वाढावा, नाहीतर मासिक कोटा तरी काढावा. तिसरी, उत्पन्नाच्या सत्तर टक्के वाटा उसाला, हे रंगराजन समितीचे सूत्र २०१३ च्या कायद्याने महाराष्ट्राने घेतले. त्याचा हिशोब प्रत्येक कारखान्याने सभासदाला कळेल अशा भाषेत मांडावा. यात आपला कारखानाही आला. दिल्लीकडून स्वच्छ व्यवहार मागायचा तर आधी आपले वजनकाटे आणि वह्या स्वच्छ हव्यात.

वार्षिक सभेला येताना अहवालाची मागची पाने वाचून या. हप्ता किती एवढेच विचारू नका. साखर कोणत्या महिन्यात, कोणत्या भावाने गेली आणि व्याज किती गेले, तेही विचारा. हे आकडे हाती असतील तरच वर मागणी करताना आपल्या शब्दाला वजन येईल.