मराठवाडाविषयक संशोधन आणि अर्थसाहाय्याची साधने

विद्याव्यासंगास बुद्धी, साधनसामग्री आणि सवड या तीन गोष्टींची आवश्यकता असते. त्यांपैकी पहिली अभ्यासकाची स्वतःची असते. उरलेल्या दोन मात्र द्रव्यावाचून मिळत नाहीत. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व १४ जानेवारी १९९४ रोजी त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले. मराठवाड्याचा इतिहास, भाषा व समाज हे या विद्यापीठाचे अगदी निकटचे अभ्यासक्षेत्र होय. या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास कोणते अर्थसाहाय्य मिळू शकते, ते कोणत्या खर्चास पुरते आणि कोणत्या खर्चास पुरत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी अशा साहाय्याचे तीन प्रकार कल्पिता येतील. काही साहाय्य व्यक्तीला मिळते, काही एखाद्या मर्यादित कार्याला मिळते, तर काही विषयालाच स्थायी स्वरूपात लाभते. मराठवाडाविषयक अभ्यासाच्या वाट्यास पहिला प्रकार बऱ्यापैकी, दुसरा थोडा आणि तिसरा अगदीच तुरळक आला आहे. या क्षेत्रातील अनेक अडचणींचे मूळ या विषम वाटणीत आहे.

१. खर्चाचे स्वरूप

मराठवाड्याच्या अभ्यासकाचा खर्च अन्य प्रदेशांच्या अभ्यासकाहून थोडा निराळा असतो. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. साहजिकच त्याच्या राज्यकारभाराचे दप्तर प्रामुख्याने हैदराबाद येथेच राहिले. तेथील तेलंगण राज्य अभिलेखागारात शहाजहान व औरंगजेब यांच्या कारकीर्दीतील दीड लाखाहून अधिक मोगल कागद आहेत. दक्षिणेतील मोगल कारभाराविषयी इतकी विपुल अस्सल सामग्री अन्यत्र क्वचितच आढळेल. हैदराबाद येथील ब्रिटिश रेसिडेन्सीच्या दप्तराचा मोठा भाग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. मोडी कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात पाहावे लागतात. शिवाय गावोगावच्या वतनदार घराण्यांचे रुमाल आहेत ते वेगळेच.

प्रवासाच्या जोडीला भाषेचा व लिपीचा प्रश्न येतो. मोगल काळासाठी फार्सी, निजामी राजवटीच्या उत्तरकालासाठी उर्दू, वतनी कागदांसाठी मोडी आणि महानुभावांच्या पोथ्यांसाठी सकळ लिपी, यांपैकी निदान एकीवर तरी प्रभुत्व असल्याखेरीज मूळ साधनाला हात घालता येत नाही. फार्सी शिकून शिकस्ता वळणाचे कागद वाचू लागण्यास दोन वर्षे सहज लागतात. म्हणजे प्रबंधाचा विषय मांडण्यापूर्वीच एवढा काळ खर्ची पडावयाचा असतो; आणि नेमक्या याच काळासाठी विद्यार्थ्यास द्रव्यसाहाय्य मिळण्याची सोय जवळजवळ नाही.

२. व्यक्तीला मिळणारे साहाय्य

विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती हा या प्रकारातील मुख्य आधार होय. ती राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, म्हणजे 'नेट'च्या, गुणानुक्रमाने मिळते. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ अधिछात्र म्हणून पुढील तीन वर्षे दरमहा ४२,००० रुपये असे तिचे मान आहे. घरभाडे भत्ता वगळता पाच वर्षांची एकूण रक्कम २४,००,००० रुपये होते. याच पाच वर्षांत मानव्य व सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकास आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षे प्रतिवर्षी १०,००० आणि नंतर प्रतिवर्षी २०,५०० रुपये, म्हणजे एकंदर ८१,५०० रुपये मिळतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे योजनेचे स्वरूप स्पष्ट होते. अभ्यासकाच्या निर्वाहाची तरतूद तीत उत्तम आहे. परंतु हैदराबाद, पुणे व दिल्ली येथील मुक्काम, कागदांच्या प्रती, ग्रंथखरेदी आणि लिपिशिक्षण या सर्वांचा भार मुख्यतः विद्यावेतनावरच पडतो. अर्ज करणाऱ्याने हे गणित आरंभीच मांडून ठेवावे.

अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांच्यासाठी केंद्र शासनाच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहेत. एकुलत्या एका मुलीसाठी सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची आयोगाची योजना आहे. महाराष्ट्र शासनाने निरनिराळ्या समाजांसाठी स्वायत्त संस्था स्थापन केल्या असून त्यांच्यामार्फतही पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांस अधिछात्रवृत्ती मिळते. अनुसूचित जातींसाठी 'बार्टी' (स्थापना १९७८), मराठा व कुणबी समाजांसाठी 'सारथी' (२०१८) आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती यांच्यासाठी 'महाज्योती' (२०१९) या संस्था काम करतात. या विद्यापीठातील अनेक विद्यार्थी आपल्या घराण्यातील पहिलेच पदवीधर असतात. त्यांच्या दृष्टीने या योजनांचे मोल फार मोठे आहे. मात्र जागांची संख्या, निवडीची पद्धत आणि रक्कम मिळण्यातील विलंब यांवरून अलीकडच्या वर्षांत वारंवार आंदोलने झाली, हेही नमूद केले पाहिजे. पाच वर्षांच्या कार्यास हात घालणाऱ्यास पुढील वर्षीची निश्चिती नसेल, तर तो दूरच्या दप्तराचा व अवघड लिपीचा विषय टाळून हाताशी असलेल्या छापील साधनांवर भागविणारा विषय घेतो. साहाय्याच्या अनिश्चिततेचा परिणाम असा संशोधनाच्या विषयनिवडीवरच होतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती. अल्पसंख्याक समाजांतील विद्यार्थ्यांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली ही योजना केंद्र शासनाने २०२२–२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. दखनी साहित्य, खुलदाबादची सूफी परंपरा अथवा निजामी कारभार या विषयांकडे वळू शकणारे, उर्दू घरीच अवगत असलेले विद्यार्थी या योजनेच्या कक्षेत येत होते. राज्यात अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संस्था स्थापण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला आहे. तिच्या योजनांकडे या विषयांच्या विद्यार्थ्यांनी लक्ष ठेवावे.

३. कार्याला मिळणारे साहाय्य

दुसऱ्या प्रकारात भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद (१९६९) व भारतीय इतिहास संशोधन परिषद (१९७२) या दोन संस्था प्रमुख आहेत. दोन्हींकडून अधिछात्रवृत्त्यांखेरीज संशोधनप्रकल्प आणि प्रबंधाचे प्रकाशन यांसाठी अनुदान मिळू शकते. पहिल्या परिषदेच्या मुंबई येथील पश्चिम विभागीय केंद्राने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांस अन्य ठिकाणची ग्रंथालये पाहण्यासाठी लहान अभ्यास-अनुदाने दिलेली आहेत. रक्कम अल्प असली तरी हैदराबादचा एक मुक्काम साधण्यास अशा अनुदानाचा उपयोग होतो. एकाच काळात दोन अधिछात्रवृत्ती घेता येत नाहीत. लहान प्रवास-अनुदानाबाबत नियम काय आहे, ते मात्र प्रत्येक वेळी लेखी विचारून घ्यावे.

लिपिशिक्षणासाठी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मोडी वर्ग उपयुक्त आहेत. २००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हस्तलिखितशास्त्र व प्राचीन लिपी यांच्या कार्यशाळा भरविल्या. पुढे २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करण्यासाठी 'ज्ञान भारतम्' या योजनेची घोषणा झाली. खासगी संग्रहांतील धोक्यात आलेल्या कागदांचे छायांकन करावयाचे असल्यास ब्रिटिश ग्रंथालयाच्या 'एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम'कडे (२००४) प्रस्ताव पाठविता येतो. या योजनेत मूळ कागद आपल्याच प्रदेशात राहतात, ही गोष्ट घराण्यांच्या व देवस्थानांच्या विश्वस्तांना समजावून सांगण्यासारखी आहे.

४. परदेशातील अध्ययन

परदेशगमनासाठी मिळालेल्या साहाय्याचे सर्वांत थोर उदाहरण ज्यांचे नाव या विद्यापीठास लाभले त्यांच्याच चरित्रात आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. तिच्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील अभ्यास अपुरा टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील वेतनातून केलेली बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. इतक्या बुद्धिमान अभ्यासकाचेही कार्य शिष्यवृत्तीची मुदत संपताच तीन वर्षे खोळंबले, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

कोलंबियात असताना मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. पुढील प्रबंधही भारताच्या वित्तव्यवस्थेवर व चलनावर होते. अनुसूचित जाती आदी घटकांसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या २०२२ च्या नियमावलीत मात्र भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन हे विषय वगळण्यात आले. या नियमाप्रमाणे पाहिले असता १९१६ सालचा तो निबंधविषय साहाय्यास पात्र ठरला नसता. मराठवाड्यातील दलित समाजाचा अथवा येथील भूधारणापद्धतीचा परदेशी विद्यापीठात अभ्यास करू इच्छिणाऱ्याने म्हणूनच चालू वर्षाची नियमावली प्रथम पाहावी. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापिलेल्या निधीची कर्जरूप शिष्यवृत्ती, भारतातच पीएच.डी. करणाऱ्यांना काही महिने अमेरिकेत काम करू देणारी फुलब्राइट–नेहरू योजना आणि ब्रिटनमधील अल्पकालीन संशोधनासाठी चार्ल्स वॉलेस न्यास हे अन्य मार्ग आहेत. त्यांच्या अटी स्वतंत्र आहेत.

५. विषयाला लाभणारा स्थायी निधी

तिसऱ्या प्रकाराची उणीव समजून घेण्यासाठी या शहराच्याच इतिहासाकडे पाहावे. १९१३ पासून अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखाली औरंगाबाद येथे होते. 'उर्दू' हे संशोधनपर त्रैमासिक १९२१ पासून येथून निघू लागले आणि वजहीच्या 'सबरस'सारखे जुने दखनी ग्रंथ संपादित होऊन उजेडात आले. या कार्यास निजाम सरकारचे साहाय्य होते. १९३८ मध्ये मौलवीसाहेबांनी संस्था दिल्लीस हलविली आणि दखनीच्या अभ्यासाचे हे केंद्र शहरातून गेले. व्यक्तीभोवती व सरकारी कृपेभोवती उभे राहिलेले कार्य त्या व्यक्तीबरोबर स्थलांतर करते, हा त्यातील बोध होय.

याच्या उलट उदाहरण युक्रेनविषयक अध्ययनाचे देता येईल. स्वदेशात आपल्या भाषेच्या व इतिहासाच्या मुक्त अभ्यासास वाव नाही, हे पाहून अमेरिकेतील युक्रेनी विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने १९५७ मध्ये एक निधी सुरू झाला. त्या समाजातील सामान्य कुटुंबांच्या लहानमोठ्या देणग्यांतून हार्वर्ड विद्यापीठात इतिहास, साहित्य व भाषाशास्त्र यांची तीन अध्यासने आणि १९७३ मध्ये संशोधन संस्था उभी राहिली. १९७६ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातही अशीच संस्था निघाली. मूळ भांडवलास हात न लावता त्याच्या उत्पन्नातून अध्यापक, ग्रंथमाला व छात्रवृत्ती चालवावयाच्या, हे तेथील सूत्र होय. पिढ्या बदलल्या तरी विषय टिकला, तो या सूत्रामुळे.

भाषाशिक्षणाच्या बाबतीतही परदेशी व्यवस्था बोलकी आहे. अमेरिकेने १९५८ च्या कायद्याने आपल्या विद्यार्थ्यांस दूरदेशीच्या भाषा शिकण्यासाठी स्वतंत्र छात्रवृत्ती दिल्या. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने त्यांच्यासाठी पुण्यात मराठीचे वर्ग चालविले. अमेरिकन विद्यार्थ्यास मराठी शिकण्यासाठी जे मिळाले, ते मराठवाड्यातील विद्यार्थ्यास आपल्याच प्रदेशाचे फार्सी कागद वाचण्यासाठी मिळत नाही.

६. उपलब्ध साधनांचा मेळ

या परिस्थितीत विद्यार्थ्याने तिन्ही प्रकारांची जुळणी स्वतःच करावी लागते. मराठवाडा हा 'नेट'चा विषय नाही. म्हणून इतिहास, मराठी, उर्दू, राज्यशास्त्र वा समाजशास्त्र यांपैकी एका विषयाच्या दाराने प्रवेश करावा लागतो. लिपीचा व भाषेचा अभ्यास एम.ए.च्या पहिल्या वर्षीच आरंभावा. कारण अधिछात्रवृत्तीची मुदत सुरू झाल्यावर तो करणे महागात पडते. प्रस्तावात मराठवाड्याचे महत्त्व वर्णन करण्यात पाने खर्ची घालू नयेत. कोणत्या दप्तरातील कोणत्या काळाचे कागद पाहावयाचे, ते कोणत्या लिपीत आहेत, त्या लिपीचे ज्ञान कितपत आहे आणि मुक्काम किती दिवसांचा, हे चार मुद्दे स्पष्ट लिहिलेला प्रस्ताव परीक्षकास विश्वासार्ह वाटतो.

विभागांनी करावयाचे कार्यही मोठ्या खर्चाचे नाही. फार्सी व मोडी यांसाठी प्रतिवर्षी दोन विद्यार्थ्यांना एक वर्षाची छात्रवृत्ती देता येईल इतका लहान स्थायी निधी माजी विद्यार्थ्यांच्या व नागरिकांच्या देणग्यांतून उभारता येण्यासारखा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केला. त्या निमित्ताने येणाऱ्या अनुदानांचा विचार होताना मराठवाड्यातील हस्तलिखितांचा आणि ती वाचू शकणाऱ्या नव्या अभ्यासकांच्या शिक्षणाचा प्रश्न पुढे मांडला जाणे अवश्य आहे. कागद जतन करणे हे निम्मे कार्य होय. तो वाचणारा तयार करणे हे उरलेले निम्मे, आणि त्यास लागणारी दोन वर्षे आज कोणत्याही योजनेच्या हिशेबात धरलेली नाहीत.